गोष्टीतला नायक ओळखायचा कसा?



गोष्ट वाचून झाली की मुले हमखास विचारतात, "यातला हीरो कोण?" गुप्तहेरकथेत उत्तर सोपे वाटते, पण मुले तिथेच फसतात.

आर्थर कॉनन डॉईल यांची 'द स्पेकल्ड बँड' ही शेरलॉक होम्सची कथा घ्या. १८९२ साली ती लंडनच्या 'स्ट्रँड मॅगझिन'मध्ये छापून आली. हेलन स्टोनर ही तरुणी भल्या पहाटे घर सोडते, पहिली गाडी पकडून होम्सकडे येते. तिचा सावत्र बाप डॉ. रॉयलॉट पूर्वी कलकत्त्यात डॉक्टर होता. तिथे रागाच्या भरात नोकराचा जीव घेऊन त्याने तुरुंगवास भोगलेला. आईच्या पैशावर तो जगतो. मुलीचे लग्न झाले, की त्यातला वाटा तिला द्यावा लागणार. हेलनची जुळी बहीण लग्न पंधरा दिवसांवर असताना रात्री बंद खोलीत मेली. आता हेलनचे लग्न ठरले आहे आणि तिला त्याच खोलीत झोपायला लावले आहे.

मग नायक कोण? गोष्ट 'मी' म्हणून सांगतो तो डॉ. वॉटसन. पण सांगणारा तो निवेदक. तोच नायक असेल असे नाही. जीव टांगणीला लागला आहे हेलनचा. पण ज्याच्यावर संकट येते तोही दर वेळी नायक नसतो. जो प्रश्न अंगावर घेतो, अडचणी आल्या तरी तड लावतो, तो नायक. जमिनीला ठोकून बसवलेला पलंग, न वाजणाऱ्या घंटीची दोरी, शेजारच्या खोलीत उघडणारा झरोका हे सारे होम्स बारकाईने पाहतो. मग हेलनला दुसरीकडे निजवून स्वतः त्या खोलीत अंधारात जागत बसतो. 'बँड' म्हणजे पट्टा, तसेच टोळीही. या शब्दाने आपण आधी चुकीच्या वाटेला लागलो होतो, हे तो शेवटी मोकळेपणाने कबूल करतो. म्हणजे नायक कधी चुकतच नाही, असेही नव्हे.

तेव्हा नायक होम्सच. पण एक गोष्ट मुलांना, विशेषतः मुलींना, जरूर दाखवा. हेलनच्या मनगटावर बापाच्या बोटांचे काळेनिळे वळ होते. ते होम्सने पाहिले, तरी ती बापाचीच बाजू सावरत होती. अशी भेदरलेली मुलगी त्या पहाटे घराबाहेर पडली नसती, तर होम्सची सारी हुशारी बेकर स्ट्रीटवर झोपूनच राहिली असती. तड होम्सने लावली. पहिले पाऊल हेलनचे होते.

रहस्य मात्र मी सांगणार नाही. ते घरात सर्वांनी मिळून वाचा आणि शेवटी मुलांनाच विचारा, "नायक कोण? आणि का?" यातला 'का' महत्त्वाचा.