दरी पाहायला गेलो, पाणी पाहून आलो

आमच्या चौघांत नानाने उभी हयात पाण्यात काढली. म्हणजे तो पाटबंधारे खात्यात पाटकरी होता. कोणत्या चारीचे गेट कधी उघडायचे, कुणाची पाळी रात्री दोनला लागते, सात नंबरचा फॉर्म कुणी भरला आणि कुणी न भरताच दारे फोडले, हे सगळे त्याच्या वहीत असायचे. पण गंमत बघा, ज्या भंडारदऱ्याचे पाणी या गड्याने तीस वर्षे आम्हाला मोजून दिले, ते धरण त्याने डोळ्यांनी कधी पाहिले नव्हते. मी तरी कुठे धड पाहिले होते? शाळेच्या सहलीत एकदा गेलो होतो, तेवढेच. निवृत्त झाल्यावर नाना एकदा म्हणाला, “अरे, आयुष्यभर त्या बाईचे पाणी वाटले, एकदा तिचे माहेर तरी दाखवा.” बाई म्हणजे प्रवरामाई.

मग ठरले. नाना, शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, जीप असलेला अण्णा आणि मी. शनिवारी पहाटे निघायचे आणि रविवारी रात्री धारेला घरी परतायचे. गुरुजींनी सांगितले की धरण तर बघूच, पण पुढे साम्रदला सांदण दरी आहे, तीही बघू. पोरे मोबाइलवर तिचे फोटो दाखवतात, आपल्याच जिल्ह्यात आहे आणि आपण पाहिलेली नाही.

अकोले, राजूर मागे टाकून शेंडीला पोचलो. नाना धरणाच्या भिंतीपुढे बराच वेळ उभा राहिला. १९१० साली काम सुरू झाले आणि १९२६ साली पुरे झाले. दोनशे सत्तर फूट उंचीची दगडी भिंत आणि अकरा टीएमसी पाणी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. याच पाण्यावर खालचे माळरान हिरवे झाले आणि याच पाण्याच्या भरवशावर विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला. आपल्या भागातला ऊस, पोरांची कॉलेजे, सिमेंटची घरे, सगळ्यांची मुळे त्या भिंतीमागे आहेत. नाना एवढेच बोलला, “इथून एक गेट उचलले की आपल्याकडे भांडणे सुरू.”

तिथून तलावाच्या कडेकडेने मुरशेत, उडदावणे, घाटघर करीत साम्रदला गेलो. रात्री एका घरी उतरलो. नागलीची भाकरी, पिठले, ठेचा आणि गरम भात. अंगणात शेकोटी. सकाळी गावातलाच एक पोरगा वाट दाखवायला बरोबर घेतला.

आता दरीविषयी थोडे सांगतो. सांद म्हणजे फट. आपण घरात सांदीकोपरा म्हणतो, तीच ही सांद, फक्त डोंगराएवढी. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांवर थर बसून आपला हा काळा कातळ झाला. त्याला पडलेली भेग पाणी वर्षानुवर्षे कोरत गेले. दोनएक किलोमीटर लांब, दोन-तीनशे फूट खोल, आणि काही ठिकाणी इतकी अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत. भर दुपारीही तळाला ऊन पोचत नाही. सुरुवातीलाच पाण्याचा डोह लागतो. जानेवारीतही कमरेएवढे पाणी होते, आणि असे गार की गुरुजींनी सगळ्या देवांची नावे घेतली. पुढे बैलाएवढाल्या धोंड्यांवरून चढउतार. आणखी पुढे दोर लावून कोकणात उतरणारी वाट आहे, ते काम आमच्या वयाचे नाही. आम्ही निम्म्यातूनच परतलो.

पोराने एक गोष्ट बजावून सांगितली. पावसाळ्यात इथे कुणी पाऊल टाकायचे नाही, आणि अवकाळीचे ढग दिसले तरी बाहेर पडायचे. वर पाऊस झाला की सगळे पाणी याच बोळात शिरते, आणि पळायला बाजूला जागा नाही.

नानाला मात्र दुसरेच नवल. साम्रदच्या त्या कड्याच्या एका अंगाला पडलेला पाऊस भंडारदऱ्यात येतो, तिथून प्रवरेत, प्रवरासंगमाला गोदावरीत, मग जायकवाडीत आणि शेवटी पूर्वेच्या समुद्रात. दुसऱ्या अंगाला पडलेला थेंब या दरीतून कोकणात आणि पश्चिमेच्या समुद्रात. नाना म्हणाला, “हा खरा बांध. इथे कुणी कोरून पाणी चोरू शकत नाही.” आम्ही हसलो.

हसू पुढे टिकले नाही. दरीच्या तोंडाशी, जिथे लोक बूट काढून पाण्यात उतरतात, तिथे प्लास्टिकच्या बाटल्या, कुरकुऱ्याच्या पुड्या, थर्माकोलच्या डिशा आणि एक फाटका बूट पडला होता. पोरगा मुकाट्याने चार बाटल्या उचलून पिशवीत टाकत होता. मी विचारले, रोज उचलतोस का? म्हणाला, “शनिवार-रविवार आम्ही पोरं उचलतो. पण दादा, यायला हजार हात आणि उचलायला चार.”

परत येताना एका वाडीवर जीप थांबवली. अण्णाला रेडिएटरमध्ये घालायला पाणी हवे होते. एक म्हातारी डोक्यावर दोन हंडे घेऊन चढण चढत होती. अण्णाने सहज विचारले, “आक्का, थोडं पाणी मिळेल का?” तिने हंडा उतरवला आणि तांब्या भरून दिला. नको कसे म्हणावे कळेना. मी म्हटले, जानेवारीतच एवढ्या लांबून? ती म्हणाली, “आता लई बरं हाये बाबा. चैत लागला का हीर तळाला जाती, मंग झऱ्यावर वाटी वाटीनं भरायचं.” आणि खाली बोट दाखवून म्हणाली, “त्ये पानी तुमचं.”

खाली तलाव निळाशार पसरला होता.

मंडळी, त्या परिसरात पाऊस घाटघरला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पडतो. आपल्याकडे पाचशे पडला तरी आपण पेढे वाटतो. पण तिथला कातळ पाणी धरत नाही, उतार थांबू देत नाही, आणि चार महिन्यांत पडले ते वाहून जाते. शिवाय घाटघरलाच २००८ पासून अडीचशे मेगावॅटचा वीज प्रकल्प चालू आहे. वरचे पाणी खाली सोडून वीज करतात आणि तेच पुन्हा वर चढवतात. म्हणजे पाणी डोंगर चढू शकते, हे तिथे सिद्ध झालेले आहे. प्रश्न चढवायचे कुणासाठी, एवढाच.

जीपमध्ये नानाने वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. जलजीवन मिशनच्या निकषाने माणशी रोज पंचावन्न लिटर पाणी धरा. पाचशे वस्तीच्या गावाला उन्हाळ्याच्या शंभर दिवसांना लागेल साडेसत्तावीस लाख लिटर. आता आपल्याकडचे पाहा. एक एकर उसाला एक पाळी मोकळी दिली, आठच सेंटिमीटर पाणी धरले, तरी सव्वातीन लाख लिटर जाते. म्हणजे पाचशे माणसांचा अख्खा उन्हाळा एका एकराच्या आठ-नऊ पाळ्यांत निघतो! पाटाने भिजणारा एकरभर ऊस वर्षात याच्या दुपटीहून जास्त पाळ्या पितो. नानाने आकडा दोनदा तपासला. तीस वर्षे पाणी मोजणाऱ्या माणसाला आपली बेरीज खोटी वाटावी, असा तो आकडा होता.

ऊस मोडा असे मी म्हणत नाही. माझाही दोन एकर उभा आहे. पण आपण वरचे आणि खालचे यांची भांडणे जन्मभर करतो. चारीच्या तोंडाचा आणि टेलचा शेतकरी भांडतो, नगर आणि मराठवाडा भांडतात. समन्यायी वाटपासाठी २००५ साली कायदा झाला, त्यावर मोर्चे झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. या सगळ्या भांडणात धरणाच्याही वरचा माणूस कधी कुणाच्या अर्जात आला का? त्याचे नाव ना सात नंबरात, ना पाळीपत्रकात. पाऊस त्याच्या अंगावर, पाणी आपल्या वावरात. आणि आता वर शनिवार-रविवारी आपला कचराही त्याच्या दारात.

काही जण म्हणतील, मग पर्यटन बंद करा. तेही चूक. आम्ही ज्या घरी उतरलो तिथला मुलगा पूर्वी भात निघाला की मजुरीला नारायणगावच्या मळ्यांवर जायचा. आता शनिवार-रविवारी चार ताटे वाढतो, तंबू लावतो, घरी राहतो. त्याच्या पोटावर पाय आणायचा अधिकार मला नाही. पण काजव्यांच्या दिवसांत, म्हणजे पावसाच्या तोंडावर, रात्री गाड्यांचे दिवे आणि भोंगे घेऊन जी झुंबड तिकडे उडते, तिने काजवेच राहिले नाहीत तर पुढच्या वर्षी ताट कुणाला वाढणार? दुभत्या गाईला धार काढताना वासरासाठी एक सड सोडतात, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही.

तेव्हा माझे म्हणणे तीन ठिकाणी आहे.

पहिले, वरच्या गावांच्या सरपंच आणि ग्रामसेवकांना. अकोले तालुक्याचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६ चा पेसा कायदा आणि २०१४ चे राज्याचे नियम यांनी ग्रामसभेला मान दिला आहे. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळू लागला. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये पाणलोट आणि पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार ग्रामसभेला स्पष्ट शब्दांत दिला आहे. हा सगळा मुलूख १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, त्यामुळे वनखात्याशी बसूनच ठरवावे लागेल, पण ठरवावे. दिवसाला माणसे किती सोडायची, पाऊस लागला की दरी कधी बंद करायची, प्लास्टिकच्या बाटलीमागे अनामत किती घ्यायची. आणि पावती कुणीही फाडो, महिन्याला किती जमले आणि कशावर खर्च झाले, हे चावडीच्या फळ्यावर खडूने लिहावे. फळा असला की निम्मी भांडणे मिटतात. त्या पैशातला पहिला वाटा झरे राखण्याला आणि साठवण टाक्यांना जावा.

दुसरे, आम्हा लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यांना. आपल्या पाणीवापर संस्था आहेत, कारखाने आहेत. उसाच्या बिलातून नाना प्रकारच्या कपाती आपण निमूट सोसतो. त्यात टनामागे काही पैसे वरच्या वाड्यांच्या टाक्यांसाठी आणि सौरपंपांसाठी गेले तर कुणाचे घर बसणार नाही. याला दान म्हणू नका, ही थकलेली पाणीपट्टी आहे. शंभर वर्षांची थकबाकी आहे, व्याज तरी भरू.

तिसरे, सहलीला जाणाऱ्यांना. जा, जरूर जा, आपल्या पोराबाळांना घेऊन जा. दरी पाहण्यासारखीच आहे. वाटाड्या गावातलाच घ्या, जेवण गावातच घ्या, त्याने सांगितलेला भाव पाडू नका. नेलेली प्रत्येक पुडी परत आणा. आणि वाटेत कुणाकडे पाणी मागण्याआधी, ती हंडा कुठून घेऊन आली, तेवढे विचारा.

घरी आलो तर आवर्तन सुरू होते आणि माझी पाळी रात्रीचीच होती. बॅटरी घेऊन वावरात गेलो. दारे धरताना एका ठिकाणी सरी फुटली आणि पाणी बांधावरून ओढ्याला जाऊ लागले. एरवी मी म्हणतो, जाऊ दे, थोडेच तर आहे. त्या रात्री खोरे घेऊन पळत गेलो. सकाळी नाना आला तेव्हा त्याला ते सांगितले. तो म्हणाला, “आता येत्या ग्रामसभेला विषय तूच मांड. हिशेबाचा कागद मी देतो.”

कागद माझ्या खिशात आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी उतरवून घ्यावा आणि आपापल्या ग्रामसभेत, पाणीवापर संस्थेत, कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत वाचून दाखवावा.