साडेनऊची मीटिंग

नोव्हेंबर आला की आमच्या घरी दस्तरखान उशिरा पडतो. थोरली लेक पुण्यात बसून कॅलिफोर्नियातल्या टीमबरोबर सॉफ्टवेअरचं काम करते. तिकडे घड्याळं तासभर मागे गेली की तिथली सकाळी 8 ची मीटिंग आपल्याकडे रात्री साडेआठऐवजी साडेनऊला येते. तिची अम्मी ताट झाकून बसते. (आम्ही मात्र थांबत नाही, हे कबूल!)

"रोज बोलायलाच हवं का?" आम्ही विचारलं.

"नीट लिहून ठेवलं तर नको, अब्बा."

लिनक्सचं अवाढव्य काम 1991 पासून जगभरची माणसं बहुतेक ईमेलवरच करत आली आहेत. आता लेकीची टीमही काय झालं, कुठे अडलं, ते लिहूनच झोपते. मीटिंग आठवड्यातून दोनदाच. पण कुणाची नोंद अर्धवट राहिली, की जेवताना फोन वाजतोच.