आत्याचं तंजावर

मे महिन्याची सुट्टी लागली, की आमच्या वर्गातल्या मुली मामाच्या गावाला जायच्या. आम्ही दोघी बहिणी मात्र आत्याकडे निघायचो, आणि आत्या राहायची थेट तंजावरला! पुण्याहून चेन्नई, तिथून पुन्हा रात्रभर बस. पोचेपर्यंत अंग आंबून जायचं. पण दारात आतोबा उभे दिसले, की सगळा शीण पळायचा.

आतोबा तंजावरच्या मराठी घराण्यातले. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तिथं राज्य उभं केलं, त्या काळात तिकडे जाऊन स्थिरावलेल्या एका देशस्थ कुटुंबातले. शाळेत गणित शिकवायचे ते तमिळमधून. पण घराचा उंबरा ओलांडला की मराठी. ती मराठीही अशी, की तमिळच्या हेलात काढलेली, जुन्या शब्दांनी भरलेली. 'काय गं' म्हणायचं तिथं ते 'काय मा' म्हणायचे, आणि आम्ही दोघी तोंडाला ओढणी लावून फिदीफिदी हसायचो.

आत्या रागवायची. आतोबा मात्र हसत हसत आम्हाला बृहदीश्वराच्या देवळात घेऊन गेले. तिथल्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले वंशाचा इतिहास कोरवून घेतला आहे, देवनागरीत, मराठीत. "वाच मा," आतोबा म्हणाले. आम्ही पुण्याच्या हुशार मुली दोन ओळींतच अडखळलो. मग त्यांनी घडाघडा वाचून दाखवलं. देवनागरी त्यांना शाळेत कुणीच शिकवली नव्हती. त्यांच्या आईनं पाटीवर अक्षरं गिरवून घेतली होती.

परतताना त्यांनी आणखी एक धक्का दिला. विष्णुदास भाव्यांचं 'सीतास्वयंवर' १८४३ सालचं. त्याच्या सुमारे दीडशे वर्षं आधी तंजावरच्या शाहजीराजांनी मराठी नाटकं लिहिली होती! सांबाराचं नाव संभाजीराजांवरून पडलं, ही गोष्टही ते फार रंगवून सांगत. गणिताचे मास्तर असूनही पुरावा मात्र त्यांनी कधी दिला नाही.

आत्या लग्न होऊन तिथं गेली तेव्हा तिला तमिळचा एक शब्द येत नव्हता, आणि सासरची मराठीही निम्मीच कळायची. सासूबाई म्हणाल्या, "आधी हाताला चव येऊ दे, मग जिभेला भाषा येईल." पहिला धडा डांगर पचडीचा. उडदाची डाळ खमंग भाजून दळायची, ते पीठ दह्यात कालवायचं, वर मोहरी-हिंगाची फोडणी. आत्याच्या हातची ती पचडी गरम भाताबरोबर खाल्ली, की आम्ही आमरसही विसरायचो. पुढेपुढे आत्याच आतोबांसारखं बोलू लागली. तिच्या दारातली ठिपक्यांची रांगोळीही हळूहळू तांदळाच्या पिठाचं कोलम झाली.

२०१७ साली आतोबा गेले. मुलगा अमेरिकेत, त्याच्या घरात इंग्रजी आणि थोडी तमिळ. बाबा आत्याला आणायला गेले. "चल, आता आपल्या माणसांत राहा," म्हणाले. आत्यानं कॉफीचा टंबलर त्यांच्यापुढं सरकवला आणि शांतपणे सांगितलं, "अरे, पुण्यात मी तोंड उघडलं की भाजीवाली विचारते, आजी, तुम्ही मद्रासच्या का? तिथं मला माझी बोली गिळून बसावं लागेल. ह्यांच्यासारखं बोलणारी या घरात आता मी एकटीच उरले. मी पण उठून आले, तर या भिंतींशी बोलणार कोण?"

बाबा चिडून एकटेच परतले. दोन महिने बहीणभावांत अबोला होता. कुणाचं बरोबर, ते मला आजही सांगता येणार नाही. सत्तरीच्या बाईनं एवढ्या लांब एकटं राहायचं, ही काळजी काही खोटी नव्हती. शेवटी बाबांनीच तिकीट काढलं आणि महिनाभर बहिणीकडे राहून आले. तेव्हापासून दर जानेवारीत जातात.

मागच्या खेपेला तंजावरहून त्यांचा फोन आला. मी 'हॅलो' म्हणायच्या आतच पलीकडून आवाज आला, "काय मा, कशी आहेस?"