मागावरचा माणूस

दिवाळी अंकात चोर-पोलिसांना एवढी जागा कशाला, असे काही वाचक यंदा विचारतील. ज्या भाषेने बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथा रात्र रात्र जागून वाचल्या, तिच्यात हा प्रश्न फार वेळ टिकू नये. पण यंदाच्या अंकाचा मोठा भाग गुन्हेगारपटांना देण्यामागे ती जुनी हौस एवढेच कारण नाही. तुरुंगातून निसटलेला कैदी आणि त्याच्या मागावर निघालेला कायद्याचा माणूस ही पडद्यावरची जोडी गेली नव्वद वर्षे प्रेक्षकांना एक प्रश्न विचारत आली आहे: पकडणाऱ्याला पकडण्याचा अधिकार कुठून मिळतो? खिशातल्या वॉरंटातून, की त्याच्या स्वतःच्या वागणुकीतून? हल्लीच्या पडद्यावर हा प्रश्न विचारणे जवळजवळ बंद झाले आहे, आणि ते काळजीचे लक्षण आहे.

या जोडीचा मूळपुरुष मात्र एकच. फ्रान्सचा युजीन फ्रान्स्वा व्हिदोक तरुणपणी वारंवार तुरुंगात गेला आणि वारंवार पहारेकऱ्यांच्या हातावर तुरी देऊन पळाला. पुढे तो पोलिसांचा खबऱ्या झाला आणि अखेर पॅरिसच्या गुन्हे शोधपथकाचा प्रमुख. व्हिक्टर ह्यूगोने १८६२च्या 'ले मिझेराब्ल'मध्ये याच माणसाच्या आयुष्यातून पळणारा जाँ व्हालजाँही घेतला आणि त्याचा पिच्छा पुरवणारा जाव्हेरही. सिनेमाने ही कादंबरी किती वेळा उचलली याची मोजदाद कठीण. आपल्याकडे सोहराब मोदींनी १९५५ साली तिच्यावरून 'कुंदन' काढला. त्याआधी, १९५० साली, तमिळमध्ये 'एळै पडुम पाडु' आला होता. त्यात जाव्हेरच्या धर्तीचा पोलिस अधिकारी रंगवणारे सीतारामन पुढे जन्मभर 'जावर सीतारामन' म्हणूनच ओळखले गेले. नायकाची नव्हे, पाठलाग करणाऱ्याची भूमिका एखाद्या नटाच्या नावाला कायमची चिकटावी, यावरून लोकांच्या मनात कोण राहतो ते दिसते.

अमेरिकेत या कथेला पहिला जबर धक्का दिला तो एका खऱ्या फरारी कैद्याने. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या रॉबर्ट इलियट बर्न्सला जॉर्जिया राज्यात सहा डॉलरहूनही कमी रकमेच्या लुटीपायी सहा ते दहा वर्षे सक्तमजुरी झाली. पायात साखळदंड घालून कैद्यांकडून रस्ते बांधून घेण्याची तिथली पद्धत भयंकर होती. बर्न्स १९२२मध्ये पळाला आणि शिकागोत मासिकाचा संपादक म्हणून नावारूपाला आला. ओळख उघडी पडल्यावर, लवकर सुटकेच्या आश्वासनावर विसंबून तो आपण होऊन परत गेला. आश्वासन पाळले गेले नाही. १९३०मध्ये तो पुन्हा पळाला. त्याच्या आत्मकथनावरून मर्व्हिन लरॉय यांनी १९३२ साली 'आय अ‍ॅम अ फ्युजिटिव्ह फ्रॉम अ चेन गँग' केला, पॉल म्युनीला घेऊन. चित्रपट लागला, बर्न्स न्यू जर्सीत सापडलाही. पण तिथल्या गव्हर्नरने त्याला जॉर्जियाच्या हवाली करायला साफ नकार दिला. आरोपीच्या पिंजऱ्यात आता मागावरची यंत्रणाच उभी होती.

मग १९३४पासून हॉलिवूडमध्ये हेज संहितेची सक्त अंमलबजावणी सुरू झाली. गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, असा नियम आला. म्हणजे पळालेला सापडणार किंवा मरणार, हे तिकीट काढण्यापूर्वीच ठरलेले. शेवट बांधलेला असल्यामुळे हुशार दिग्दर्शकांनी उत्कंठेची जागाच बदलली. ती रस्त्यावरून उचलून त्यांनी पोलिसाच्या मनात नेऊन ठेवली.

रॉबर्ट सिओडमाक यांचा १९४८चा 'क्राय ऑफ द सिटी' हा त्या बदलाचा सर्वात देखणा पुरावा. सिओडमाक ड्रेस्डेनचे, ज्यू. हिटलर सत्तेवर येताच जर्मनी सोडून ते पॅरिसला गेले आणि तिथून अमेरिकेला. पळणे म्हणजे काय, हे या माणसाला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांच्या चित्रपटात लेफ्टनंट कँडेला (व्हिक्टर मॅच्युअर) आणि पोलिसाचा खून करून जखमी पडलेला मार्टिन रोम (रिचर्ड काँटे, पुढे 'गॉडफादर'मधला बार्झिनी) दोघेही न्यूयॉर्कच्या एकाच इटालियन वस्तीत वाढलेले आहेत. रोम तुरुंगातून निसटतो तेव्हा कँडेलाला त्याच्या घराचा पत्ता शोधावा लागत नाही. त्याची आई कँडेलाला ओळखते. तो जिना, ते स्वयंपाकघर, ती माणसे, सगळे त्याच्या परिचयाचे. आपल्याच आळीतल्या मुलाला बेड्या घालायला निघालेला हा माणूस आहे, आणि म्हणूनच त्याचा राग नुसता नोकरीतला राग राहत नाही.

काँटेने रोम असा उभा केला आहे की प्रेक्षकाचे मन त्याच्याकडे ओढले जातेच. तो हसतो, गोड बोलतो, जखमेच्या वेदना सोसत शहरभर फिरतो. पण सिओडमाक एकेक हिशेब मांडत जातात: पळायला मदत करणारा कैदी, गाडीतून नेणारी जुनी मैत्रीण, परवाना नसताना जखम बांधणारा डॉक्टर. रोमला ज्याने ज्याने हात दिला, त्या प्रत्येकाला त्याची किंमत मोजावी लागली. कँडेलाच्या डोक्यात ही यादी पक्की बसलेली आहे. चित्रपटातली खरी झुंज या दोघांच्या वेगाची नाहीच. ती रोमच्या धाकट्या भावासाठी आहे. टोनी कोवळ्या वयाचा आहे, थोरल्याला देव मानणारा. तो कुणाच्या वाटेने जाणार, यासाठी दोन मोठी माणसे एकमेकांशी झुंजतात.

शेवटी कँडेला स्वतः गोळी लागलेली असतानाही रुग्णालयातून उठून चर्चमध्ये पोहोचतो. तिथे तो पिस्तूल चालवत नाही. रोमबरोबर पळून जायला निघालेल्या मुलीला तो ती यादी ऐकवतो, आणि ती निघून जाते. रोम बाहेर रस्त्यावर चालू लागतो. जखमी कँडेलाला धावता येत नाही. तो गोळी झाडतो. संहितेनुसार न्याय झाला. पडद्यावर मात्र विजयाची खूण नाही. आईचे पैसे चोरून आणायला पाठवलेला टोनी रिकाम्या हाताने येतो, कारण त्याच्याने ती चोरी झालेली नसते, आणि पोलिसांच्या गाडीत कँडेलाच्या आधाराने रडतो. या प्रकारातल्या चित्रपटांत कायद्याच्या माणसाचे काम इतक्या नेमकेपणाने क्वचितच कुणी दाखवले असेल: एकाला थांबवणे आणि दुसऱ्याला त्या वाटेवर जाण्यापासून वाचवणे.

फ्रान्सच्या जाँ-पिएर मेलव्हिलने बावीस वर्षांनी हीच कथा गोठवून टाकली. 'ल सेर्क्ल रूज' (१९७०) सुरू होतो बुद्धाच्या नावावरच्या एका वचनाने, खाली रामकृष्णांचे नाव. भारतीय प्रेक्षकाने ते शोधायला जाऊ नये. मेलव्हिलने ते स्वतःच रचले होते. मार्सेहून निघालेल्या रेल्वेत इन्स्पेक्टर मातेईच्या डब्यातून कैदी व्होजेल बेडी उघडून खिडकीबाहेर उडी टाकतो. मातेई घरी मांजरांना जीव लावणारा, शांत, एकटा गृहस्थ. पण व्होजेलचा माग काढण्यासाठी एका बारमालकाला बोलते करायचे तर तो त्याच्या कोवळ्या मुलाला अडकवतो, आणि मुलगा जीव द्यायला निघतो. कँडेला एका मुलाला वाचवतो, मातेई एकाला पणाला लावतो. ही भूमिका विनोदी नट म्हणून लाडक्या असलेल्या बूरव्हिलची. चित्रपट प्रदर्शित होण्याच्या महिनाभर आधी कर्करोगाने तो गेला. याउलट १९९३च्या 'द फ्युजिटिव्ह'मधला मार्शल जेरार्ड बऱ्याच वाचकांना आठवेल. धरणाच्या बोगद्यात निर्दोष डॉक्टर आपली बाजू सांगतो तेव्हा जेरार्डला तिच्याशी कर्तव्य नसते, पण माग काढता काढता तो खटलाच पुन्हा वाचायला लागतो. टॉमी ली जोन्सला त्यासाठी ऑस्कर मिळाले, आणि ते योग्यच होते.

मराठी माणसाने या परंपरेत घातलेली भर मात्र निराळीच आहे, आणि ती जगातल्या कुठल्याही 'नॉयर' गुन्हेगारपटाच्या शेजारी ताठ मानेने उभी राहते. व्ही. शांताराम यांच्या 'माणूस'मध्ये (१९३९) खुनाच्या गुन्ह्यात अडकलेल्या मैनाला सोडवायला हवालदार गणपतच पुढे येतो, आणि पळायला नकार देते ती मैना. अठरा वर्षांनी 'दो आँखें बारह हाथ' आला. त्यामागे औंध संस्थानातला खरा प्रयोग होता. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन यांनी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही बिनभिंतींची कैद्यांची वसाहत उभी केली होती. पटकथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर त्याच मुलखातले. चित्रपटातला जेलर आदिनाथ सहा खुन्यांना माळरानावर शेती करायला नेतो. तिथे भिंत नाही, बंदूक नाही. कैदी एकदा पळतातही. पण त्या दोन डोळ्यांचा धाक आणि माया त्यांची पाठ सोडत नाही, आणि ते आपल्या पायांनी परत येतात. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटाला रौप्य अस्वल मिळाले.

प्रत्यक्षातही आपल्याकडे एक पाठलाग गाजला. चार्ल्स शोभराज १६ मार्च १९८६ रोजी पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई चारून तिहारमधून पळाला. मुंबई पोलिसांचे मधुकर झेंडे यांनी त्याला १९७१मध्येही पकडले होते. त्यांनी ६ एप्रिल १९८६ रोजी पर्वरीच्या 'ओ कोकेरो'मध्ये त्याच्यावर पुन्हा झडप घातली आणि त्याला जिवंत मुंबईला आणले. पुढे त्या हॉटेलात पुतळा बसला तो शोभराजचा. झेंड्यांवर मराठी दिग्दर्शकाचा हिंदी चित्रपट यायला २०२५ उजाडावे लागले.

जिवंत आणले, यावर इथे जोर द्यायचा आहे. गेल्या वीस वर्षांत हिंदी पडद्यावरच्या पोलिसाला आरोपीला न्यायालयापर्यंत नेण्याचा कंटाळा आला आहे. २०१८च्या 'सिंबा'त नायक पोलिस ठाण्यातच बनावट चकमक घडवतो आणि चित्रपट त्याचा जयजयकार करतो. वर्षभराने हैदराबादेत बलात्कार आणि खुनाच्या आरोपातले चौघे पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. ते पळून जात होते, असे सांगण्यात आले. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. निवृत्त न्यायमूर्ती सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाचा अहवाल २०२२मध्ये उघड झाला, तेव्हा निष्कर्ष असा होता की ती कहाणी रचलेली होती आणि गोळ्या जीव घेण्याच्या हेतूनेच झाडल्या गेल्या. त्या क्रूर गुन्ह्याबद्दलचा संताप खरा होता. पण पीडितेला न्याय मिळाला म्हणायचे तर खटला चालायला हवा होता, पुरावा तपासला जायला हवा होता. फुले उधळणाऱ्या हातांना हे सांगणारा सिनेमा आज हवा आहे, आणि तो कमी पडतो आहे.

म्हणून या अंकातले लेख वाचताना एक करावे. दिवाळीच्या सुट्टीत 'क्राय ऑफ द सिटी' आणि 'दो आँखें बारह हाथ' पाठोपाठ पाहावेत, घरातल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींना शेजारी बसवून. कँडेला आणि आदिनाथ यांपैकी कोण बरोबर, यावर त्यांच्याशी मनापासून वाद घालावा आणि त्या वादात काय निघाले ते अंकाला पत्राने जरूर कळवावे.