तरणतलावाचं प्लास्टर कोण खातंय?

आपल्या पूलचं (म्हणजे सिव्हिलवाल्यांचा ब्रिज नव्हे, पोहण्याचा) प्लास्टर पाच वर्षांत दोनदा झालं आणि आता तिसऱ्यांदा करायचं घाटतंय. उथळ भागाचा तळ असा झालाय की दोन फेऱ्या चाललं तरी तळपाय सोलवटतात. आंतरकॉलेज स्पर्धेच्या प्रॅक्टिसला येणारी निम्मी मुलं पायाला चिकटपट्ट्या लावून येतात. यावर कॉलेजात दोन मतं आहेत. पहिलं, कॉन्ट्रॅक्टरने सिमेंटमध्ये खाल्लं. दुसरं, पूलवरचे मामा तारेच्या ब्रशने घासतात म्हणून झालं. दुसरं मत जास्त पॉप्युलर आहे, कारण मामा मीटिंगला नसतात.

माझं मत तिसरं आहे. प्लास्टर पाण्याने खाल्लं, आणि पाण्याला उपाशी आपण ठेवलं.

सिमेंट घट्ट होताना त्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला साधा चुना, तयार होतो. तो पाण्यात विरघळतो. पाण्यात आधीच पुरेसं कॅल्शियम असेल, अल्कलिनिटी असेल आणि पीएच बरा असेल तर पाणी भिंतीच्या वाटेला जात नाही. नसेल तर ते जिथून मिळेल तिथून घेतं, आणि पूलमध्ये कॅल्शियम मिळण्याची एकच जागा आहे. आधी चुना जातो, मग वाळूचे कण उघडे पडतात, आणि आपण म्हणतो तळ खरखरीत झाला. याच्या उलट प्रकार पाहायचा असेल तर हॉस्टेलच्या बाथरूममधला गीझर उघडा. बोअरच्या पाण्याला कॅल्शियम इतकं जड झालेलं असतं की गरम केलं की ते कॉईलवर टाकून देतं. (साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, कॅल्शियम कार्बोनेट कमी. हे मला फर्स्ट इयरला कधीच पटलं नव्हतं, गीझरने पटवलं.)

पाणी उपाशी आहे की पोट भरलेलं, हे मोजता येतं. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विल्फ्रेड लँजेलियर यांनी १९३६ साली शहराच्या पाण्याच्या पाइपांसाठी याचं गणित मांडलं. तेच आज जगभर पूलसाठी वापरतात. पूलवाल्यांची सोपी आवृत्ती अशी: पीएच, अधिक तापमानाचा फॅक्टर, अधिक कॅल्शियमचा फॅक्टर, अधिक अल्कलिनिटीचा फॅक्टर, वजा १२.१. फॅक्टर तयार तक्त्यात मिळतात. उत्तर शून्य आलं तर पाणी संपृक्त (हा शब्द मला डिक्शनरीत बघावा लागला, पण छान आहे). उणे ०.३ ते अधिक ०.३ चालतं. त्याखाली गेलं की पाणी प्लास्टर खातं, वर गेलं की पांढरा थर बसतो.

होळीनंतर टाकी रिकामी करून पुन्हा भरली तेव्हा आम्ही तिघांनी नमुना घेतला. पीएच ७.०, तापमान २९ अंश, कॅल्शियम हार्डनेस ५० पीपीएम, अल्कलिनिटी ५० पीपीएम. गणित: ७.० + ०.७ + १.३ + १.७ − १२.१ = −१.४. हा लॉग स्केल आहे बरं का. म्हणजे पाणी संपृक्ततेच्या जवळजवळ पंचविसाव्या हिश्श्यावर होतं. महिन्याने पुन्हा मोजलं तर हार्डनेस ७५. कॅल्शियम असलेलं काहीही कुणी टाकलं नव्हतं. वाफ होऊन गेलेल्या पाण्याच्या जागी नवं भरलं त्यातून ५ पीपीएम आलं असं धरू. उरलेलं २० कुठून आलं? पूलमध्ये अंदाजे ४७० घनमीटर पाणी आहे. प्रत्येक घनमीटरमागे २० ग्रॅम, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात सव्वानऊ-साडेनऊ किलो माल एका महिन्यात भिंतीतून पाण्यात गेला. मामांचा ब्रश एवढं काम करू शकत नाही.

स्टाफमधले जुने लोक म्हणतात, "पूर्वी कुणी काही मोजत नव्हतं, तरी प्लास्टर टिकलं." बरोबर आहे, आणि त्याचं कारणही आहे. पूर्वी ब्लीचिंग पावडर टाकायचे. तिच्यात क्लोरीनबरोबर चुनाही असतो, त्यामुळे रोज नकळत पाण्याला खाऊ घातलं जायचं. पाणी गढूळ दिसतं, खाली गाळ बसतो, अशा तक्रारी आल्या म्हणून टीसीसीएच्या गोळ्या आणल्या. या गोळ्यांचं एक टक्का द्रावण जवळपास लिंबाच्या सरबताइतकं आंबट असतं. त्यात कॅल्शियम शून्य, आणि त्या अल्कलिनिटी रोज थोडी थोडी संपवतात. वर पाणी चमकावं म्हणून तुरटी. ती पण आम्लधर्मी, तीही अल्कलिनिटी खाते. गोळ्या वाईट नाहीत, माझं तसं म्हणणं नाही. पण ब्लीचिंग पावडर बंद केल्यावर तिच्याबरोबर येणारं कॅल्शियमही बंद झालं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

आणि आपली दरवर्षी टाकी रिकामी करण्याची परंपरा! पाणी बिचारं वर्षभर भिंत खाऊन कुठे जरा सुधारतं, तर आपण ते गटारात सोडतो, भिंतीला ॲसिड वॉश देतो (म्हणजे वरचा थर स्वतःच्या हाताने काढतो) आणि धरणाचं मऊ, कोरं, भुकेलं पाणी परत भरतो. पावसाळ्यात उघड्या पूलवर पडणारं पाणी तर त्याहून कोरं. हे सगळं मामा स्वतःच्या मनाने करत नाहीत, वरून सांगतात तसं करतात. त्यांच्या रजिस्टरला दोनच कॉलम आहेत, क्लोरीन आणि पीएच. ते दोन्ही रोज प्रामाणिकपणे भरलेले आहेत, मी पाहिलंय.

टाइल्स बसवा, अशीही एक सूचना आहे. टाइल्स टिकतील, पण त्यांच्या मधल्या फटी सिमेंटनेच भरणार ना? पाणी तिथून सुरुवात करेल.

मग करायचं काय? वरच्याच गणितात पीएच ७.५, हार्डनेस २०० आणि अल्कलिनिटी १०० घातली तर ७.५ + ०.७ + १.९ + २.० − १२.१, उत्तर बरोबर शून्य येतं. नव्याने भरलेल्या आपल्या पूलला त्यासाठी साधारण ४० किलो खाण्याचा सोडा आणि सुमारे १०४ किलो कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट लागेल. एकदम नाही, तीन-चार दिवसांत थोडं थोडं, आणि कॅल्शियम क्लोराइड आधी पाण्याच्या बादलीत विरघळवून, कारण ते विरघळताना चांगलंच तापतं. सोडा आणि कॅल्शियम एकाच दिवशी टाकायचे नाहीत, नाहीतर पूलचं ताक होईल. प्लास्टरच्या कोटेशनशेजारी हा खर्च ठेवून बघा म्हणजे झालं. त्याहून स्वस्त आयडिया म्हणजे हॉस्टेलच्या बोअरचं पाणी. त्याचा हार्डनेस आम्हाला ४०० मिळाला. पाच टँकरमधले दोन बोअरचे भरले तर १९० पर्यंत आपोआप जातो. आधी त्यात लोह किती आहे ते तपासावं लागेल, आणि मार्चमध्ये बोअरला पाणी असावं लागेल, ही अट मोठी आहे, मान्य.

मोजायचं कुणी, हा प्रश्न मीटिंगमध्ये येणारच. फर्स्ट इयरचा प्रत्येक बॅच केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला ईडीटीएने पाण्याचा हार्डनेस काढतो. वाईन रेड ते निळा, आठवतंय? सॅम्पल कोणतं असतं, तर लॅब असिस्टंटनी बनवून ठेवलेलं, ज्याचं उत्तर सीनियरच्या जर्नलमध्ये आधीच लिहिलेलं असतं. त्याऐवजी दर आठवड्याला एका बॅचला पूलचं पाणी द्या. अल्कलिनिटीचं प्रॅक्टिकलही सिलॅबसमध्ये आहेच. उत्तर कुठल्याच जर्नलमध्ये सापडणार नाही, त्यामुळे मोजावंच लागेल. आणि मामांच्या रजिस्टरला दोन कॉलम वाढवा. "तुम्ही आकडा सांगा, मी लिहितो," असं त्यांनी मला आधीच सांगितलंय.