आजारपण दारात येण्याआधी योजना समजून घ्या

हिंडलगा, सुळगा, उचगाव, मण्णूर, आंबेवाडी परिसरातील बंधू-भगिनींनो,

घरातले रेशनकार्ड आज कपाटातून काढा आणि ते बीपीएल आहे की एपीएल, हे नीट पाहून ठेवा. तुमच्या घरात उद्या कोणावर मोठी शस्त्रक्रिया करायची वेळ आली, तर सरकार किती भार उचलणार, हे त्या कार्डावर ठरते.

२३ सप्टेंबर २०१८ रोजी देशात आयुष्मान भारत योजना सुरू झाली. आपल्या राज्यात ती ‘आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक’ या नावाने सुरू झाली. बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात. एपीएल कुटुंबासाठी सरकार ठरलेल्या दराच्या ३० टक्के रक्कम भरते, तीही वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत. उरलेले ७० टक्के आपल्यालाच भरावे लागतात. ‘कार्ड आहे, सगळे फुकट’ या समजुतीवर राहिलेली कितीतरी कुटुंबे बिल हातात पडल्यावर सावकाराकडे धावतात, दागिने गहाण ठेवतात. हे थांबले पाहिजे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे उपचारापर्यंतची वाट. तातडीचा प्रसंग नसेल, तर या योजनेत आधी सरकारी दवाखाना गाठावा लागतो. तिथे तो उपचार होत नसेल, तरच संदर्भपत्र मिळते आणि योजनेतल्या खासगी रुग्णालयाचा दरवाजा उघडतो. आपल्याकडे मात्र ओळखीच्या डॉक्टरच्या सांगण्यावरून रुग्णाला थेट दाखल करतात आणि कागद मागाहून शोधतात. तसे करू नका. हृदयविकाराचा झटका, अपघात अशा ठरलेल्या तातडीच्या उपचारांसाठी थेट जाता येते. तेव्हाही दाखल होतानाच तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला, गाठून कार्ड दाखवा.

आणखी एक घोळ मोबाईलमुळे वाढला आहे. १४ अंकी ‘आभा’ क्रमांक काढला म्हणजे विमा मिळाला, असे अनेकांना वाटते. आभा ही आपल्या तपासण्यांची आणि उपचारांची डिजिटल नोंदवही आहे. त्यावर एक रुपयाही मिळत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने ७० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या सर्वांसाठी, उत्पन्न न पाहता, आयुष्मान वय वंदना कार्ड जाहीर केले. आपल्या आई-वडिलांना त्याचा लाभ इथे कसा मिळेल, हे १४५५५ या मोफत क्रमांकावर विचारा. राज्याची आरोग्य सहायवाणी १०४ वर आहे. फॉरवर्ड झालेल्या निरोपावर विसंबण्यापेक्षा पाच मिनिटांचा फोन बरा.

सीमाभागात राहणाऱ्यांना हे जास्तच जपायला हवे. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू केली. कर्नाटक सरकारने त्याला आक्षेप घेतला. दोन सरकारांच्या या ओढाताणीत रुग्ण मधल्यामध्ये अडकू नये. निपाणीचे लोक उपचारासाठी कोल्हापूर गाठतात, आपल्यातलेही अनेक जण जातात. निघण्यापूर्वी त्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला फोन करून आपले कार्ड तिथे चालेल का, कोणते दाखले लागतील, हे विचारून घ्या.

या योजनांतून पैसे मिळतात ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. मधुमेह आणि रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या, लेकरांच्या लसी, बाळंतपणाआधीच्या तपासण्या, हे सारे उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि आशाताईंवर अवलंबून आहे. त्याकडे लक्ष कोण देणार? त्यासाठीच ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समिती आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानातून तिला वर्षाला १० हजार रुपयांपर्यंत निधी मिळू शकतो. आपल्या समितीत कोण आहे, बैठक कधी झाली, पैसे कशावर खर्च झाले, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? महाराष्ट्रात २००७ पासून लोकाधारित देखरेखीचा प्रयोग झाला. गावकऱ्यांनी आपल्या दवाखान्याच्या सेवा स्वतः तपासल्या, जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर प्रश्न मांडले. पुणे, नंदुरबार, अमरावतीच्या खेड्यांतील साध्या माणसांनी हे केले. आपणही करू शकतो.

माहिती आपल्या भाषेत मिळणे हाही या देखरेखीचा भाग आहे. जिथे १५ टक्के किंवा अधिक लोक अल्पसंख्याक भाषा बोलतात, तिथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही द्याव्यात, असे भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या संरक्षक तरतुदी सांगतात. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातील हुतात्म्यांना वंदन करायला दर १ जूनला आपण हिंडलग्याच्या स्मारकापाशी जमतो. औषधांचा साठा, योजनांचे नियम, तक्रारीचा पत्ता कन्नडबरोबर मराठीतही लिहावा, असा अर्ज त्याच एकजुटीने दवाखान्यात द्यायला हवा. कन्नड भाषक शेजाऱ्यांनाही सोबत घ्या; रांगेत तेही आपल्याबरोबरच उभे असतात.

येत्या ग्रामसभेला या. कायद्याने ती सहा महिन्यांतून किमान एकदा व्हायलाच हवी. स्त्रीशक्ती संघांच्या भगिनींनी आणि युवक मंडळांनी आधी आपल्या गल्लीतली कार्डे तपासून, कोणाचे नाव गळले आहे, कोणाचा आधार जोडलेला नाही, याची यादी करून आणावी. सभेत तीन प्रश्न लेखी द्या: समितीचा खर्च किती झाला, उपकेंद्रात कोणती औषधे नाहीत आणि मराठी फलक कधी लागणार. प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि त्याची प्रत मागून घरी न्या.