पाहुणे की गिऱ्हाईक?

कुंडलिकेच्या अलीकडचे नवीन जालना असो की पलीकडचे जुने, डिसेंबर उजाडला की आमच्या गावात घरोघर दोनच विषय निघतात. यंदा लग्नकार्य कोणाकडे आहे, आणि पोरांना घेऊन कुठे जायचे? पूर्वी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असे. वेरूळ, पैठण, शिर्डी, फार तर माहूर. आता पोरे एका सुरात ‘समुद्र’ म्हणतात आणि मोठ्यांनाही तो आवाक्यातला वाटू लागला आहे. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालन्याहून मुंबईला ‘वंदे भारत’ सुरू झाली, नंतर ती नांदेडपर्यंत गेली. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. ज्यांना थेट कोकणात उतरायचे ते पुण्यावरून ताम्हिणी घाट उतरून माणगावला जातात. साडेचारशे किलोमीटरचा पल्ला आहे, पण पहाटे निघालेली गाडी दिवस मावळायच्या आत दिवेआगर किंवा श्रीवर्धन गाठते.

तिथे आपण उतरतो ते बहुधा हॉटेलात नाही. नारळी-पोफळीच्या वाडीतून जाणाऱ्या अरुंद वाटेवर एक पाटी असते, ‘घरगुती जेवण व राहण्याची सोय’. पुढे अंगण, पडवी, मागे विहीर आणि बाजूला नंतर बांधलेल्या तीन-चार खोल्या. चालवणारे म्हणजे घरातले नवरा-बायको, एखादी वृद्ध आई आणि वरकामाला गावातली एखादी बाई. या पाटीतल्या ‘घरगुती’ या शब्दाचा अर्थ आपण आणि ते वेगवेगळा लावतो, असे मला गेली काही वर्षे वाटत आले आहे. आपल्या लेखी घरगुती म्हणजे स्वस्त. त्यांच्या लेखी तो शब्द अगदी शब्दशः खरा असतो. ते त्यांचे घर असते, आणि आपण गेलो की त्यांचे झोपणे, उठणे, जेवणे सगळे आपल्या घड्याळावर चालते.

समुद्राकाठच्या खाणावळीचा हिवाळा म्हटला की परदेशी कादंबऱ्या वाचणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बंद खिडक्या, भणाणता वारा आणि गिऱ्हाइकाची वाट पाहणारा एकटा मालक उभा राहतो. कोकणात नेमके उलटे आहे. आपल्याकडचा बंद खिडक्यांचा काळ म्हणजे मृगापासून नवरात्रापर्यंतचा. समुद्र खवळलेला, बाहेर मासेमारी बंद, अंगणात शेवाळ, पाहुणा फारसा फिरकत नाही. दिवाळी सरली की घर जागे होते. पावसासाठी बांधलेल्या झापा सोडायच्या, अंगण खरवडून चोपायचे, भिंतींना चुना द्यायचा, गाद्या-गोधड्यांना ऊन दाखवायचे. खाऱ्या हवेने कुलपे, पंखे, फ्रीजचे पाय, खिडक्यांचे गज असे जे जे लोखंडी म्हणून असेल त्याला गंज चढलेला असतो. ही दुरुस्ती दरवर्षीची, आणि तिचा खर्च पहिला पाहुणा येण्याच्या आधी करावा लागतो.

बरे, हिवाळ्यात मालकाला पाहुण्यांशिवाय दुसरे काम नसते असेही नाही. सुपारी उतरते ती याच दिवसांत. पाडेली मिळवायचा, सुपारी अंगणात वाळत घालायची, रोज पालथी करायची, नंतर सोलायची. आंब्याला मोहोर येतो तोही आताच, आणि एखादे ढगाळ, दमट सकाळीचे दिवस लागले की फवारणीची धावपळ. भात काढलेल्या शेतात वाल पेरलेला असतो. आपण पडवीत चहा पीत ‘काय निवांत जीवन आहे हो तुमचे’ म्हणतो, तेव्हा समोरची बाई पहाटे चारपासून उभी असते. मराठवाड्यातला पाहुणा थंडीला सरावलेला असला तरी अंघोळीला त्याला कढत पाणी लागते, म्हणून नारळाची सोडणे घालून बंब पेटवलेला असतो. न्याहारीचे घावन, दुपारचे पंगतभर जेवण आणि आदल्या रात्री कोणीतरी सहज सांगून ठेवलेले एकवीस उकडीचे मोदक. उकड काढणे, मळणे, कळ्या पाडणे हे ज्या घरात होते त्या घराला एकवीस हा आकडा काय असतो ते वेगळे सांगायला नको.

आता या धंद्याचा हिशेब मांडून बघा. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत पंधरा आठवडे होतात. पाहुणा शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी येतो आणि रविवारी दुपारचे जेवण करून निघतो. म्हणजे भरवशाची रात्र एक, शनिवारची. त्यात काही शुक्रवार आणि नाताळ ते नववर्षाचा आठवडा मिळवला तरी तीस-पस्तीस रात्रींच्या पुढे गाडी जात नाही. मे महिन्यात पुन्हा गर्दी होते खरी, पण तेव्हा आंब्याची घाई आणि विहिरीच्या पाण्याची ओढ असते. सोमवार ते गुरुवार खोल्या रिकाम्याच. कामवालीचा पगार, विजेचे बिल, कर्जाचा हप्ता मात्र सोमवारीही चालू राहतो. एका शनिवारी आयत्या वेळी फोन करून ‘आमचे जमत नाही’ म्हणणारा पाहुणा या तीस-पस्तिसांतली एक रात्र घेऊन जातो. तोवर नारळ फोडलेले असतात, मासळी आणलेली असते, आणि दुसऱ्या दोन कुटुंबांना नकार दिलेला असतो.

या घरांच्या मागे काय काय लागलेले असते हे दिवेआगरइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचित दिसेल. गाव जुने आहे. मराठीतल्या प्राचीन लेखांची चर्चा होते तेव्हा इथे सापडलेल्या शके ९८२ च्या, म्हणजे इ. स. १०६० च्या ताम्रपटाचे नाव हटकून निघते. पण सहलीच्या नकाशावर ते आले १९९७ मध्ये. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात वाडीत खणताना गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला आणि भाविकांची रीघ लागली. आलेल्या माणसांना जेवू कुठे घालायचे, रात्री ठेवायचे कुठे, या गरजेतून एकेका घराने आपली पडवी, मग माडी मोकळी केली, आणि सुपारी-नारळावर चालणारे गाव पाहुण्यांवरही चालू लागले. मार्च २०१२ मध्ये मंदिरावर दरोडा पडला. दोन पहारेकऱ्यांचा खून झाला, मुखवटा गेला आणि त्याबरोबर गर्दीही ओसरली. किनाऱ्याच्या ओढीने ती हळूहळू परतत होती, तोवर मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि उन्हाळ्याचा हंगाम बुडाला. पाठोपाठ ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वरच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांची कौले उडाली, कित्येक दिवस वीज नव्हती. नारळ-पोफळीचे रोप लावल्यावर पीक हाती यायला पाच-सात वर्षे जातात. म्हणजे त्या दिवशी पडलेल्या पोफळीच्या जागी लावलेले झाड आता कुठे पदरात काही टाकू लागले असेल. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुखवटा पुन्हा मंदिरात बसला आणि लोक पुन्हा येऊ लागले. मधल्या काळात ज्या घरांची वाडी गेली होती, त्यांचा आधार म्हणजे त्या दोन-चार खोल्याच.

आणि अशा घरात आपण घासाघीस करतो. ‘जालना सोने का पालना’ अशी म्हण असलेले आमचे गाव व्यापाऱ्यांचे. मोंढ्यात वाढलेल्या माणसाला भाव केल्याशिवाय कोथिंबिरीची जुडी घेतल्याचेही समाधान वाटत नाही. त्यात गैर काही नाही, मोंढ्यात समोरचाही तितकाच तयार असतो. पण चहा मागताना ‘काकू’ आणि बिल चुकवताना ‘ताटामागे पन्नास कमी करा’, ही रीत मला पटत नाही. तारांकित हॉटेलच्या काउंटरवर आपण छापील दर निमूटपणे, वर कर भरून देतो, कारण तिथे कोणी ओळखीचे हसत नाही. जिथे माणूस हसून बोलतो तिथेच आपल्याला सूट आठवते. भावाचे बोलणे खोली ठरवतानाच करावे, फोनवर, आणि नाही परवडले तर खुशाल दुसरे घर बघावे. जेवून उठल्यावर करू नये.

घासाघिशीपेक्षाही मला खटकते ती फर्माईश. समुद्राकाठी जाऊन पनीर मागायचे, कोकमाची कढी बाजूला सारून शीतपेयाची बाटली मागायची, आणि मुले खात नाहीत म्हणून नूडल्स करायला लावायचे. मालक बिचारा नाही म्हणत नाही. पुढच्या हिवाळ्यात त्याच्या फलकावर ‘पंजाबी, चायनीज’ लागते, आणि त्यानंतर आपणच म्हणतो की कोकणात आता पूर्वीची चव राहिली नाही.

सगळा दोष आपलाच आहे असे मात्र मी म्हणणार नाही. चार पैसे दिसू लागल्यावर अर्धी वाडी तोडून तिथे सिमेंटच्या खोल्या उभ्या करणारे मालक मी पाहिले आहेत. अंगणात फरशी, खोलीत एसी, खिडकीतून समोरच्याची दुसरी इमारत. शहरातल्या लॉजमध्ये आणि यात मग फरक तो काय? ३१ डिसेंबरला दर तिप्पट करायचा आणि एका खोलीत आठ गाद्या टाकायच्या, हेही सर्रास चालते. अशा ठिकाणी भाव केला तर मला वाईट वाटणार नाही. शासनाची ‘निवास व न्याहारी’ योजना आहे, तिच्यात नोंदलेले घर शोधणे हा एक मार्ग. त्याहून साधा मार्ग म्हणजे फोनवर विचारणे, की तुम्ही स्वतः तिथे राहता का? मालक पुण्यात आणि नोकर खोल्यांवर, असे उत्तर आले तर ते घर नव्हे.

मालक तिथेच राहतो याला चवीपलीकडे आणखी एक मोल आहे. आपण कोरड्या मुलखातली माणसे. नदीला पाणी दिसले तरी आपल्याला कौतुक, तिथे भरती-ओहोटी कुठून कळणार? हिवाळ्यातला समुद्र दिसायला शांत, आणि म्हणूनच जास्त फसवा. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्याच्या महाविद्यालयातले चौदा विद्यार्थी बुडाले. दिवस हिवाळ्यातलाच होता. किनाऱ्यावरचा माणूस पंचांगातली तिथी विचारतो, तिच्या आकड्याची पाऊणपट करतो आणि पूर्ण भरतीची साधारण वेळ सांगतो. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. अमावास्या-पौर्णिमेला ती दुपारी बाराच्या आसपास येते, आणि पाणी चढतेही जास्त, ओसरतेही जास्त. शाळेत चंद्र आणि भरतीचा धडा आपण सगळेच शिकलो, पण ही पाऊणकी तिथल्या आजीला तोंडपाठ असते. ती म्हणाली की आता पाण्यात उतरू नका, तर उतरू नये. वाळूत गाडी घालू नका म्हणाली तर घालू नये. भरतीत अडकलेल्या गाडीला दोर लावून ओढणारी माणसे रात्री जमवावी लागतात तीही तिलाच.

आपल्याकडेही पाहुणचार पैशाने मिळू लागला आहेच. ज्वारी हुरड्यावर आली की जालन्याच्या आसपास शेतांवर पाट्या लागतात. एके काळी शेतकरी आगटी पेटवून वाटसरूलाही बोलावून हुरडा हातावर चोळून देई, सोबत चटणी आणि गूळ. आज माणशी दर आहे, झोके आहेत, बैलगाडीची फेरी आहे. शेतकऱ्याला चार पैसे मिळतात म्हणून मला त्याचे वाईट वाटत नाही. पण त्या शेतावर मुंबईची मंडळी येऊन ‘हुरड्यात काय एवढे, ज्वारीच तर आहे’ म्हणाली की आपल्या कपाळावर आठी चढते ना? रायगडात याच सुमारास पोपटी लागते. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, पुन्हा पाला, आणि पाण्याचा थेंबही न घालता मडके उपडे ठेवून भोवती जाळ. शेंगा भरलेल्या हव्यात, म्हणून ती साधारण नाताळानंतर महिना-दीड महिनाच चांगली होते. कोणत्याही मेनूकार्डावर ती सापडत नाही, आणि शनिवारच्या गर्दीत ती लावायला कोणाला सवड नसते. मधल्या वारी गेलेल्या माणसाला मालक आपणहून विचारतो, ‘संध्याकाळी पोपटी लावतोय, येताय ना वाडीत?’

म्हणून ज्यांना रजा मिळते त्यांनी नाताळचा आठवडा सोडून जानेवारीतला एखादा मंगळवार-बुधवार धरावा. मुलांची शाळा दोन दिवस बुडेल. बुडू द्यावी. फेब्रुवारी-मार्चपर्यंत थांबता आले तर मंडणगड तालुक्यातले वेळास आहे, नाना फडणवीसांचे गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने तिथे २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि २००६ पासून तिथे कासव महोत्सव भरतो. गावात हॉटेल नव्हते, आजही पाहुणे गावकऱ्यांच्या घरीच उतरतात आणि पंगतीत जे वाढले जाईल ते जेवतात. अंडी वाळूत घातल्यापासून पिल्ले बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात, आणि ती कोणत्या दिवशी येतील हे कोणी सांगू शकत नाही. सकाळी आणि संध्याकाळी टोपली उचलून बघायचे. पिल्ले निघाली असली तर ती वाळूवर सोडतात आणि बोटभर लांबीची ती जनावरे समुद्राकडे चालू लागतात. नसली निघाली तर आपण ज्या घरी उतरलो तिथे परत यायचे आणि घरची माणसे उद्या सकाळी पुन्हा किती वाजता उठवणार ते विचारून झोपायचे.